वळायला जागा नसलेला रस्ता

लातूरला पत्र्याच्या खोलीत राहून मेडिकलची तयारी करणारा आमच्या क्लासमधला मी एकटाच असेन. बाकीची पोरं स्लॅबखाली, कूलर लावून. मला मात्र आण्णांनी, म्हणजे वडिलांनी, गल्लोगल्ली फिरून पत्र्याचीच खोली शोधून दिली होती. भूकंप झाला त्या रात्री ते शेतात राखणीला होते. पळत गावात आले तोवर घर बसलं होतं. त्यांची आई आणि धाकटी बहीण माळवदाच्या दगडमातीखाली गेल्या. तेव्हा ते माझ्याहून लहान होते. तेव्हापासून झोपताना डोक्यावर वजन नको, एवढं एकच शास्त्र त्यांना पटतं. नव्या गावातल्या पक्क्या घरात आम्ही झोपायचो आणि ते अंगणात, पत्र्याच्या शेडमध्ये.

एप्रिलमध्ये माझ्या खोलीची भट्टी व्हायची आणि परीक्षा मे महिन्यात. दोनदा दिली, दोनदा आपटलो. पत्र्यावर खापर फोडायला मला आवडलं असतं, पण मला डॉक्टर व्हायचंच नव्हतं. तिसऱ्यांदा क्लासला बसलो तेव्हा हे आण्णांना सांगायचं एवढंच डोक्यात होतं, आणि तोंड काही उघडत नव्हतं.

त्याच सुमारास नांदेडच्या एका मुलाने आपला लाँगबोर्ड, म्हणजे वर उभं राहून चालवायची चाकांची फळी, माझ्या गळ्यात मारला. त्याला पुण्याला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला होता, सामान कमी करत होता. फळी छान लांब, लवचिक. पण खालचे दोन्ही ट्रक गेलेले. ट्रक म्हणजे फळीला चाकं जोडणारा धातूचा भाग. आपण ज्या बाजूला झुकू त्या बाजूला तो चाकं वळवतो. नवे घ्यायचं ठरवलं आणि महिनाभर दुसरं काही वाचलं नाही. रुंदी फळीएवढी हवी; अरुंद घेतले तर जोरात झुकल्यावर तोल जातो, फार रुंद घेतले तर पाय चाकाला लागतो. मधला जाड बोल्ट आतल्या बाजूला असला तर फळी चटकन वळते, उड्या मारणाऱ्यांना ते बरं. बाहेरच्या बाजूला असला तर लांबलांब, डौलदार वळणं घेता येतात. आतलं रबर आपल्या वजनाप्रमाणे निवडायचं. मेसच्या डब्यावर माझं वजन इतकं उतरलं होतं की सगळ्यात मऊ रबर पुरलं असतं. क्लासमध्ये दोन वर्षांत फिजिक्समधला टॉर्क डोक्यात शिरला नव्हता, इथे आपसूक कळला. आधी हसू आलं, मग रडू.

हे सगळं मी गावाच्या रस्त्यासाठी निवडत होतो. भूकंपानंतर नवं गाव वसवलं तेव्हा रस्ते ऐसपैस ठेवले, पळताना अंगावर भिंत येऊ नये म्हणून. समोरच्या दारातल्या माणसाशी बोलायचं तर ओरडावं लागतं, अशी म्हातारी माणसं अजून कुरकुर करतात. आमच्या दारापासून मारुतीच्या देवळापर्यंत हलका उतार आहे. तो रस्ता या कडेपासून त्या कडेपर्यंत वळणं घेत उतरायचा आणि खाली पोचल्या पोचल्या आण्णांना सांगून टाकायचं, असं मी ठरवलं. तेवढी धुंदी अंगात असली तर सांगता येईल असं वाटत होतं. बाहेरच्या बोल्टचे ट्रक मागवले.

दिवाळीला गेलो तर रस्ताभर सोयाबीन वाळत घातलेलं. जन्मापासून बघतोय, तरी हे कसं विसरलो देव जाणे. मी मटकन ओट्यावर बसलो. आण्णांनी फळी उलटी करून चाकं फिरवून पाहिली.

"कुठं चालवायचं असतंय हे?"

"रस्त्यावर."

सकाळी उठून पाहतो तर दारापासून देवळापर्यंत सोयाबीनमधून एक सरळ पट्टा झाडून काढलेला. शेजाऱ्यांचंसुद्धा त्यांना विचारून बाजूला ओढलेलं. आण्णा हातात खराटा घेऊन उभे, अंगभर धूळ.

"चालव आता."

पट्टा जेमतेम दोन हात रुंद. वळायला जागाच नव्हती. जरा झुकलो असतो तर चाक दाण्यांवर जाऊन तोंडावर आपटलो असतो. जीव मुठीत धरून, ताठ उभा राहून सरळ खाली गेलो. देवळापाशी उतरलो तर आण्णा मागोमाग पळत आलेले, धापा टाकत, हसत. त्यांना इतकं खूश मी कधी पाहिलं नव्हतं.

"आण्णा, मला काय तरी बोलायचंय."

"आदी माझं ऐक. तुझा मालक खोलीवर स्लॅब टाकायला लागलाय. मी परवाच जाऊन दुसरी बगून आलोय, पत्र्याची. लई फिरलो. आता भेटत न्हाईत रं तसल्या खोल्या. म्हणून पुढल्या वर्साला बी तीच धरून ठिवली."

यंदाची परीक्षा अजून व्हायची होती.

"तू काय म्हणत व्हतास?"

"काय न्हाई."

मी फळी देवळाच्या पायरीला टेकवली, त्यांच्या हातातला खराटा घेतला आणि बाजूला सारलेलं सोयाबीन पट्ट्यावर परत पसरायला लागलो.