सुनंदाताईंचा कुजबुजणारा वर्ग

फोन आला तेव्हा मी मुलांना खिचडी वाढत होते. हातात पळी होती म्हणून उचलला नाही. पुन्हा वाजला, तेव्हा पळी स्वयंपाकाच्या मावशींकडे दिली आणि व्हरांड्यात आले. सुनंदाताईंचे यजमान होते. "गेली सकाळी," एवढंच म्हणाले, आणि जरा थांबून, "माझ्यासाठी शाळा लवकर सोडू नका म्हणाली होती." मी बरं म्हटलं. आत येऊन राहिलेल्या ताटांत खिचडी वाढली. मुलांची जेवणं झाली, ताटं धुऊन झाली, मग सगळ्यांना ओळीत बसवून सांगितलं. तिसरी-चौथीच्या मुलांनी ऐकून घेतलं. दोघी-तिघींचे डोळे भरले, पण हुंदक्याचा आवाज कुणाचाच आला नाही. त्या खोलीत मोठ्यानं काही करायची सवयच त्यांना राहिली नव्हती. असं का झालं, ते सांगण्यासाठी हे लिहिते आहे. सुनंदाताई किती थोर होत्या वगैरे मला लिहिता येणार नाही, आणि त्यांना ते चाललंही नसतं.

आणे पठारावरच्या एका वाडीत आमची जिल्हा परिषदेची शाळा आहे. खोल्या दोन, शिक्षक दोन. पहिली-दुसरी माझ्याकडे, तिसरी-चौथी सुनंदाताईंकडे. माहेर त्यांचं कळंबचं, पण आम्ही दोघीही राहायला पिंपरी पेंढारला, त्यामुळे सकाळी त्या माझ्या स्कूटीवर मागे बसून यायच्या. वयानं आणि नोकरीनं त्याच मोठ्या. मुख्याध्यापकाचा चार्ज खरं तर त्यांचा. पण मी हजर झाले त्याच आठवड्यात त्यांनी कपाटाच्या किल्ल्या माझ्यापुढे ठेवल्या आणि म्हणाल्या, "रंजना, टपाल तू कर, ऑनलाइन तू भर. मला फक्त वर्ग दे." मला टपाल जमतं, त्यांना वर्ग जमायचा. अशी वाटणी झाली आणि ती कधी मोडली नाही.

त्यांच्या वर्गाचा रोजचा क्रम ठरलेला. प्रार्थनेनंतर वाचन. एक मूल उभं राहून वाचायला लागायचं, ते थांबलं की शेजारच्यानं तिथूनच पुढं उचलायचं. नाव घेऊन उठवायचं नाही. म्हणजे सगळ्यांचं बोट सगळा वेळ ओळीवर. मग लेखन. आज सकाळी घरी काय झालं ते लिहायचं, पण खरं लिहायचं. "आई खूप प्रेमळ आहे" असं कुणी लिहिलं की त्या विचारायच्या, "हे आज सकाळी झालं का?" मग ते मूल खोडून लिहायचं, "शेळीनं आईचा पदर खाल्ला." आणि इतिहास जेवणानंतर. मी एकदा म्हटलं, त्या वेळी मुलं पेंगतात. "म्हणूनच," त्या म्हणाल्या. "पेंगणाऱ्या पोराला गणित देऊन काय उपयोग? त्याला किल्ल्यावर चढवायचं." महाराजांचा जन्म आमच्याच तालुक्यातल्या किल्ल्यावरचा, त्यामुळे किल्ला चढवायला त्यांना लांब जावं लागत नसे. एकदा मेंढपाळाच्या घरातल्या एका मुलानं मध्येच विचारलं, "बाई, तवा आमची माणसं कुठं व्हती?" त्या धडा थांबवून म्हणाल्या, "गडावर पहारा करणाऱ्यांच्या अंगावर घोंगडी होती. ती कुणी विणली ते घरी विचारून ये." दुसऱ्या दिवशी तो पाय वाजवत आला. "आजा म्हनला, आमीच."

आणि त्यांचा आवाज. पठारावर वारा सतत असतो, पण त्यांचा आवाज वाऱ्यावर स्वार होऊन वाडीभर जायचा. शाळेच्या कुंपणाला लागून हौसाबाईंचं घर आहे. त्यांचे मुलगे-सुना दिवाळीनंतर मेंढरं घेऊन खाली निघून जातात आणि म्हातारी एकटी घर राखते. अंगणात धान्य निवडत बसायची आणि सगळा इतिहास ऐकायची. शाळा सुटताना कुंपणाशी येऊन विचारायची, "बाई, त्या खानाचं काय झालं म्हनावं? मी जरा पान्याला गेले आन् तेवढंच ऱ्हायलं." सुनंदाताई पर्स खांद्याला अडकवून, स्कूटीपाशी मी ताटकळत असताना, तिला तेवढं सांगून यायच्या. मी हॉर्न वाजवायचे. "थांब गं, कोथळा काढेपर्यंत तरी," असं त्या वळून म्हणायच्या.

मग घसा बसायला लागला. शिक्षकांचा घसा बसतोच, म्हणून आम्ही दोघींनी ते मनावर घेतलं नाही. आधी काढा, मग गोळ्या, मग आळेफाट्याचे डॉक्टर, आणि शेवटी पुण्याला. स्वरयंत्रावर गाठ होती. ऑपरेशन झालं, किरणांचे शेक घेऊन झाले, आणि एका सोमवारी त्या गळ्याला स्कार्फ गुंडाळून माझ्या दारात स्कूटीशेजारी उभ्या राहिल्या. आवाज गेला होता. राहिली होती ती कुजबूज, तीही हातभर अंतरावर विरून जाणारी. मी स्पष्ट सांगितलं, "ताई, रजा शिल्लक आहे, ती वापरा." त्या माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "घरी बसून काय करू? भिंतींशी बोलू? त्यांना तरी कुठं ऐकू जाणार आहे." मी आजही म्हणेन, रजा घ्यायला हवी होती. पण त्यांनी ऐकलं नाही, आणि वर्ग त्यांचा होता.

मी माझ्या परीनं मार्ग काढला. गळ्यात अडकवायचा माइक आणि कमरेचा छोटा स्पीकर ऑनलाइन मागवला. पहिल्या दिवशी त्यांनी तो लावला आणि बोलायला लागल्या. मुलं एकमेकांकडे बघायला लागली. चौथीतली ऋतुजा अगदी गंभीरपणे म्हणाली, "बाई, भंगारवाल्यावानी वाटतंय." सुनंदाताई हसल्या. त्या हसण्याला आवाज नव्हता, नुसते खांदे हलत होते. स्पीकर कपाटात गेला. दुसऱ्या दिवशी त्यांनी बाकं भिंतीला लावली, सतरंजी पसरली आणि स्वतः मधोमध बसल्या. मुलं भोवती, गुडघ्याला गुडघा लावून. त्या कुजबुजायच्या आणि मुलं पुढं झुकून ऐकायची. एखाद्यानं पाय घासला तरी बाकीची त्याच्याकडे डोळे वटारायची. महाराज पेटाऱ्यातून निसटतात तो धडा झाला, तेव्हा मधल्या दारातून मी बघत होते. शाळा सुटल्यावर त्या म्हणाल्या, "रंजना, इतकी वर्षं मी हा धडा ओरडून शिकवला. पहारेकऱ्यांनी ऐकलं नाही हेच नवल." हौसाबाईंनी थोडे दिवस वाट पाहिली, मग कुंपणाशी येऊन मला विचारलं, "शाळा बंद हाये का?" मी बाईंचा आवाज गेल्याचं सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून सूप घेऊन वर्गाच्या दारातच बसायला लागली.

पुढं एक गोष्ट झाली. मुलंही कुजबुजायला लागली. वाचन कुजबुजत, उत्तर कुजबुजत, पाढेसुद्धा कुजबुजत. पटांगणात तीच मुलं कबड्डी खेळताना वाडी डोक्यावर घ्यायची, पण उंबऱ्याच्या आत पाऊल पडलं की आवाज खाली. आम्हाला वाटलं, गंमत आहे, जाईल. गेली नाही. शाळा समितीच्या बैठकीत एका पालकांनी विषय काढला. "राग मानू नका मॅडम, पन ज्या बाईला बोलताच येत न्हाई, ती पोरांना काय शिकवनार? आमचं पोरगं घरी वाच म्हनलं तर व्हट हालवतंय नुसतं." तक्रार पुढं गेली आणि केंद्रप्रमुख साहेब वर्ग तपासायला आले. मुलांना वाचता येत नाही असं त्यांना दिसलं, तर सुनंदाताईंचा वर्ग काढून घेण्याचा शेरा ते मारणार होते. तसं ते फोनवर मला म्हणालेही होते.

त्यांनी ऋतुजाला उभं केलं. तिनं पुस्तक धरलं आणि ओठ हलायला लागले. साहेब म्हणाले, "मोठ्यानं वाच बाळा, घाबरू नको." तिनं सुनंदाताईंकडे पाहिलं आणि पुन्हा तसंच वाचलं. दुसरा मुलगा, तिसरी मुलगी, तेच. साहेबांनी पुस्तक मिटलं. मी म्हटलं, "साहेब, खुर्चीवरून नाही ऐकू यायचं. खाली बसा." ते बूट काढून सतरंजीवर बसले. ऋतुजा त्यांच्या शेजारी सरकली आणि तिनं पूर्ण पान न अडखळता वाचलं. मग पुस्तक न बघता इतिहासाचा धडा सांगितला, घोंगडीसकट. साहेब उठले. निघताना बूट चढवता चढवता म्हणाले, "बाई, वाचतात खरं. चांगलं वाचतात. पण ही पाचवीला मोठ्या शाळेत जाणार. तिथं वर्गात एवढी मुलं… यांना कोण ऐकणार?" शेरा त्यांनी मारला नाही. पण आजाराचं नाव ऐकतानाही डोळे स्थिर ठेवणाऱ्या सुनंदाताईंनी त्या क्षणी खाली पाहिलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी फळ्यावर ठळक अक्षरांत लिहिलं, "मोठ्याने वाचा." सगळ्या वर्गानं ते एका सुरात, कुजबुजत वाचलं. मी दारात उभी होते. मला हसू आलं आणि लगेच गेलं. मधल्या सुट्टीत मी ऋतुजाला बाजूला घेऊन विचारलं, "काय गं, मोठ्यानं का वाचत नाहीस? भीती वाटते?" तिनं नाही म्हणून मान हलवली. "मग?" ती म्हणाली, "बाईंच्या वर आवाज कसा काढायचा?" तिच्या घरी आजोबा बोलत असताना कुणी आवाज चढवत नाही. तिनं तेवढंच वर्गात आणलं होतं, आणि तिचं बघून बाकीच्यांनी. हे मी सुनंदाताईंना सांगितलं. त्या खडू हातात घेऊन उभ्या राहिल्या… मग फळा पुसला. त्यानंतर त्यांनी खूप प्रयत्न केले. मुलांना अंगणात नेऊन वाचायला लावलं, स्वतः त्यांच्याकडे पाठ फिरवून बसल्या. पण त्या जवळपास आहेत एवढं कळलं की मुलांचा आवाज चढत नसे.

दिवाळीनंतर त्या शाळेत आल्या नाहीत. दुखणं परतलं होतं. मी एका रविवारी गेले तेव्हा त्या खिडकीशी पडून होत्या. आता कुजबूजही कष्टाची होती. मी कान जवळ नेला. त्यांनी तब्येतीचं काही सांगितलं नाही. "ऋतुजा?" असं विचारलं. मी म्हटलं, "नाही अजून." त्या म्हणाल्या, "मी असेपर्यंत नाही व्हायचं ते. नंतर लगेच मोठ्यानं वाचायला लाव. जूनच्या आत." दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, असं काय बोलता ताई, तुम्ही बऱ्या व्हाल. मी म्हटलं, "लावते." त्यांनी माझ्या मनगटावर थोपटलं. इतक्या वर्षांच्या सोबतीत त्यांना मी आवडायचे ते बहुधा यासाठीच.

बदली शिक्षक अजून मिळालेला नाही, त्यामुळे चारही वर्ग सध्या माझ्याकडे आहेत. तेरावं झाल्यावर मी कामाला लागले. मुलांना एकेक करून पटांगणाच्या टोकाला उभं करायचं आणि मी व्हरांड्यात बसायचं. मला ऐकू आलं तर पुढचं वाक्य, नाही तर तेच पुन्हा. तिसरीची मुलं लवकर सुटली. चौथीची मुलं अडून राहिली, आणि सगळ्यात जास्त ऋतुजा. वाऱ्यात पुस्तक फडफडायचं, तिचे ओठ हलायचे, माझ्यापर्यंत काही यायचं नाही. आठवडा गेला. शेवटी मी उठून तिच्यापाशी गेले आणि जे सांगणं टाळत होते ते सांगितलं. "ऋतुजा, बाई आता नाहीत. तुझा आवाज कुणाच्या वर जाणार नाही. वाच." तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी नजर वळवली. मी व्हरांड्यात परत येऊन बसले. मग तिनं वाचलं. आवाज फाटलेला, रडका, पण इकडच्या टोकाला शब्द न् शब्द कळत होता. कुंपणापलीकडून हौसाबाई म्हणाली, "आलं गं बाय, ऐकू आलं." मी म्हटलं, "पुढचं वाक्य."

आता सकाळचं वाचन दणदणीत होतं. पाचवीत ही मुलं मागं पडणार नाहीत. परवा वर्गात सगळ्यांनी मिळून कविता म्हटली आणि पत्रा दुमदुमला. तो आवाज ऐकत मी टेबलाशी उभी राहिले. मला बरं वाटायला हवं होतं. खोली एकदम ओळखू येईनाशी झाली.

इतिहास राहिला आहे. जेवणं झाली की मुलं मी न सांगता बाकं भिंतीला लावतात, सतरंजी पसरतात आणि गोल करून बसतात. पहिलीची मुलंही त्यांच्यात शिरतात, गुडघ्याला गुडघा लावून. मी मध्ये बसते, धडा काढते, आणि माझा घसा ठणठणीत असताना कुजबुजायला लागते. हौसाबाई सूप घेऊन दारात येऊन टेकते. कुणी पाय घासत नाही. हेही जूनच्या आत सोडवायचं आहे, मला ठाऊक आहे. या आठवड्यात नाही.