मोरचुदाच्या पिंपातली गुहा

मंडळी, बारामतीच्या सायबर कॅफेतून रागारागानं लिहितोय.

घरच्या खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटाकीत दोन शोभेच्या कोळंब्या आहेत, त्यांना लपायला सिमेंटची गुहा घडवली. रंग नाही, प्लास्टर नाही. सिमेंटचा चुना उतरावा म्हणून महिनाभर साध्या पाण्यात मुरवायला लासुर्ण्याच्या चुलत्यांकडं, तात्यांकडं ठेवली. आज सकाळी टाकीत सोडली. दुपारी दोन्ही कोळंब्या उताण्या!

तात्यांना फोन लावला. "गुहा कशात भिजवली?"

"डाळिंबाच्या फवारणीच्या पिंपात. मोरचूद कालवतो, त्याच."

मोरचुदात तांबं असतं. त्याचा अंशही कोळंबीला विष!

"तात्या, मेल्या की हो!"

"आरं, पिंप धुतलं व्हतं. धुतल्या पिंपातल्या पाण्यानं डाळिंबावरची बुरशीबी मरत न्हाय, तुझ्या कोळंब्या कशा मरत्याल?"

सिमेंट तीन दुकानं पालथी घालून निवडलं. पिंप कुठलं, ते विचारलंच नाही. सांगा, शिव्या कुणाला घालू?