नागपूरपर्यंत साफ

शब्बीरभाई माईक तपासताना कधीच ‘हॅलो, हॅलो’ म्हणाले नाहीत. ‘हॅलो म्हटलं का कोनताबी माईक गोड बोलते,’ असं त्यांचं म्हणणं. ‘त्याले लंबा पल्ला द्या, मंग त्याची नियत समजते.’ म्हणून ते माईक तोंडाशी धरून स्टेशनं म्हणायचे. बल्लारशा, चंद्रपूर, भांदक, माजरी, वरोरा, हिंगणघाट, सेवाग्राम, नागपूर. भांदकला शिट्टी वाजली तर खाली बसून एक बटण पिळायचं, वरोऱ्याला आवाज चिरकला तर दुसरं, आणि गाडी पुन्हा बल्लारशाहून सोडायची. नागपूरपर्यंत साफ गेली की शेवटच्या खुर्चीत जो कोणी बसला असेल त्याला विचारायचं, ‘आलं का?’ तो बिचारा हो म्हणाला तरी यांचा विश्वास नाही. ‘काय आलं, सांगा.’ मग त्याने सगळी स्टेशनं म्हणून दाखवायची, तेव्हा कुठे कार्यक्रम सुरू.

बल्लारशा स्टेशन ज्या गावात आहे, त्या बल्लारपुरात त्यांचा मंडप, खुर्च्या आणि लाऊडस्पीकरचा धंदा होता. मी मिशनच्या शाळेत गाणं शिकवते, त्यामुळे दर गॅदरिंगला आमची गाठ पडे आणि दर गॅदरिंगला माझं डोकं फिरे. इतका संशयी माणूस मी दुसरा पाहिला नाही. चहा पुढे केला तर कपाकडे बघत म्हणायचे, ‘आज चाय काऊन, बाई?’ कार्यक्रम चांगला झाला म्हणून कौतुक केलं तर दोन पावलं मागे सरकायचे. ‘येच्यात काहीतरी हाय,’ हे त्यांचं पालुपद. स्वच्छ आभाळाकडे बघूनही म्हणायचे. गंमत म्हणजे रागावता येत नसे, कारण ते स्वतःवरही तेवढाच संशय घ्यायचे. कुलूप लावलं की चार पावलं जाऊन परत येत, ओढून बघत आणि म्हणत, ‘माह्या हाताचा काय भरोसा?’

त्यांची धाकटी मुलगी सबा माझी विद्यार्थिनी. शाळा सुटून ती चंद्रपूरच्या कॉलेजात जायला लागली, तरी रविवारी सकाळी माझ्याकडे गायला यायची. आवाज असा, की वर्गात गायला लागली तर शेजारच्या वर्गातले गुरुजी शिकवायचे थांबत. शब्बीरभाईंना विचारावं तर म्हणत, ‘आवाज बरा हाय. पन माईकवर घेतल्याशिवाय मी कोनाले चांगला म्हनत नाई.’ त्यांनी तिला माईकवर कधीच घेतलं नव्हतं.

तीनेक वर्षांपूर्वीच्या जानेवारीत गावातल्या जुन्या चर्चच्या फादरनी मला बोलावलं. तीनशे वर्षांपूर्वीचं युरोपातलं चर्चसंगीत, ज्याला बरोक म्हणतात, ते गाणारा आणि वाजवणारा एक मोठा ताफा पुढच्या महिन्यात नागपूरहून दक्षिणेकडे जाणार होता. काही वादक परदेशी, गाणारे बहुतेक गोव्या-मुंबईकडचे. वाटेत एका संध्याकाळी बल्लारशाहून त्यांची गाडी होती. त्याआधी भर दुपारी ते आमच्या चर्चमध्ये तासाभराचा कार्यक्रम करणार होते आणि एका रचनेत त्यांना गावातल्या मुलींचा आवाज हवा होता. ध्वनिफिती ऐकून ऐकून मी माझ्या मुली बसवल्या. मध्ये एक जागा अशी होती की सगळी वाद्यं खाली येतात, समूह थांबतो आणि एकच आवाज उरतो. ती जागा मी सबाला दिली. माझा जीव त्या जागेत अडकला होता. ही मुलगी एकदा नीट ऐकली गेली तर पुढे शिकेल, नाहीतर रविवारची हौस म्हणून संपून जाईल, हे मला स्पष्ट दिसत होतं.

खुर्च्या अर्थातच शब्बीरभाईंच्या. मी सांगायला गेले तर ते मंडपाच्या बांबूंवर बसून वायर गुंडाळत होते.

‘माईक किती?’

‘माईक नको, शब्बीरभाई. हे संगीत बिनामाईकचंच असतं. चर्चचं छत उंच आहे, आवाज आपोआप फिरतो.’

त्यांनी वायर खाली ठेवली. ‘दुपारी. फुकट. बिनामाईक. अन् दरवाजे?’

‘दरवाजे बंद. बाहेर कोळशाच्या ट्रकांचा आवाज असतो ना.’

‘येच्यात काहीतरी हाय, बाई,’ ते म्हणाले, आणि या वेळी नेहमीसारखे हसले नाहीत. ‘माईक नसला का कोनाचा आवाज कोनता, हे मांगच्याले समजत नाई. नाव तेईचं अन् गळा माह्या पोरीचा, असं तं नाई? साऱ्याईच्या आवाजात तिले दाबून टाकतीन.’

मी समजावून समजावून दमले. माईक नसणं म्हणजे काहीतरी लपवणं, हे त्यांच्या डोक्यातून निघेना. जन्मभर ज्याने दुसऱ्यांचे आवाज मोठे करून दिले, त्याला उघड्या गळ्याचा भरवसा कसा वाटावा? शेवटी म्हणाले, ‘पाहू.’ त्यांचं ‘पाहू’ म्हणजे नकार, एवढं मला इतक्या वर्षांत कळलं होतं.

आणि संशय काही त्यांच्या एकट्याचा नव्हता. चर्चच्या फाटकासमोर पानठेला आहे. तिथे बसणाऱ्या चार-पाच जणांनी आधीच कान टवकारले होते. भर दुपारी दरवाजे लावून काय करणार आहेत? परदेशी लोक काऊन येऊन राह्यले? आमच्या गावच्या पोरी आत कशाला? एकाने तर मला रस्त्यात थांबवून विचारलं, ‘बाई, त्या मुस्लिमाच्या पोरीले काय म्हनायले लावून राह्यल्या तुमी?’ मी म्हटलं, गाणं. तो नुसता हसला. ते हसणं मला अजिबात आवडलं नाही. फादरही काळजीत पडले. म्हणाले, फाटकावर गर्दी जमली तर आपण बंद करू, उगाच मुलींना त्रास नको.

त्यातच मी शब्बीरभाईंना त्या पानठेल्यावर त्याच लोकांत बसून चहा पिताना पाहिलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहिलं. मी जवळून गेले तर सगळे गप्प झाले आणि शब्बीरभाई कपात बघत राहिले. त्या रविवारी सबा आली तीच चेहरा पाडून. ‘बाई, अब्बा होबी म्हनत नाई अन् नाईबी म्हनत नाई,’ ती म्हणाली. ‘नुसतं विचारते, उभी कुठी राहनार हाय? मले चर्चमंधी नेलं, मी जागा दाखवली, तं तिथी खुनेचा दगड ठेवून आले.’ माझ्या मनात पक्कं झालं की हा माणूस ऐन वेळी येणार आणि मुलीचा हात धरून घेऊन जाणार. जागासुद्धा हेरून ठेवली होती.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी शब्बीरभाई खुर्च्या घेऊन आले आणि सोबत झेंडूने भरलेल्या दोन मोठ्या पितळी फुलदाण्या. आता हा माणूस कधी जादा सतरंजी देणारा नाही. मी विचारलं, ‘आज फुलं काऊन, शब्बीरभाई?’ त्यांचाच प्रश्न त्यांच्यावर उलटला तर त्यांना तो आवडला नाही. ‘घरची हायेत,’ म्हणाले, आणि एक फुलदाणी सबाच्या दगडाशेजारी नेऊन ठेवली. दगड उचलून खिशात टाकला. मग तासभर बाहेर कडुनिंबाच्या झाडापाशी काहीतरी खुडबुड करत होते. मला वाद्यवृंदाची व्यवस्था बघायची होती, नाहीतर मी तिथेच उभी राहिले असते.

दुपारी दरवाजे बंद झाले. वादक सूर जुळवायला लागले तेव्हा दाराशी उभे असलेले शब्बीरभाई माझ्या कानाशी येऊन म्हणाले, ‘आतापासूनच शिटी मारून राह्यले.’ मी त्यांना हाताने गप्प केलं. खरं तर ते आत आहेत आणि मला दिसताहेत, याचाच मला आधार वाटत होता. मी मुद्दाम शेवटच्या रांगेत, त्यांच्याजवळ बसले. हात धरायला पुढे निघाले तर आडवी जायचं, असं ठरवलं होतं.

मग सुरू झालं. चेलोचा खालचा सूर फरशीतून तळपायाला लागला, त्यावर व्हायोलिनं चढली आणि समूह एकदम उठला. एका बाजूने म्हटलेली ओळ दुसऱ्या बाजूने उचलायची, तिसरीने तिला ओलांडून जायचं, असं ते चाललं होतं. मी ध्वनिफितीवर शंभरदा ऐकलेलं, तरी अंगावर काटा आला. किती वेळ गेला कळलं नाही. वळून पाहिलं तर शब्बीरभाई दाराशी नव्हते.

नेमकी तेव्हाच सबाची जागा आली. वाद्यं उतरली आणि तिचा आवाज वर गेला. आणि मला तो दोनदा ऐकू आला. एक समोरून, आणि एक पाठीमागून, बंद दाराच्या पलीकडून. मी उठले आणि बाजूच्या लहान दाराने बाहेर सटकले.

कडुनिंबाच्या फांदीला कर्णा बांधलेला होता. फाटकाशी ती पानठेल्यावरची मंडळी आणि आणखी बरेच लोक जमले होते. एक ट्रक रस्त्याच्या कडेला उभा होता, त्याच्या ड्रायव्हरने इंजिन बंद केलेलं. कर्ण्यातून माझ्या सबाचा आवाज येत होता आणि कर्ण्याच्या बरोबर खाली, हात मागे बांधून, शब्बीरभाई उभे होते. एक जण म्हणाला, ‘हे तं तुमची पोरगी हाय ना, भाऊ?’ त्याच्या बोलण्यात तोच रस्त्यातला हसण्याचा सूर होता.

‘हो,’ शब्बीरभाई म्हणाले. ‘माहीच हाय. चूप राहून आईक.’

तो चूप राहिला. सगळेच राहिले. समूह पुन्हा उठला, सबाचा आवाज त्यात मिसळला, तरी कोणी हललं नाही. थोड्या वेळाने पानवाल्याने मान हलवली आणि आपल्या टपरीकडे गेला. त्याच्यामागे दोघेतिघे गेले. उरलेले संपेपर्यंत उभे राहिले.

मला राग आला होता आणि रडूही येत होतं. ‘मला सांगायचं होतंत,’ मी म्हटलं. ‘मी तुमच्याबद्दल काय काय समजले.’

‘तुमाले सांगतलं असतं तं तुमी नाई म्हनल्या असत्या,’ ते म्हणाले. ‘बाई, मी दोन दिवस तेईच्यात बसलो. तेईले एकच डाचत होतं, का आत काय चालू हाय. बंद दरवाज्याच्या मांगं काय हाय ते समजलं नाई का मानसाचं डोकं खराब होते. मले मालूम हाय ना. माहं तं जलमभराचं खराब हाय. म्हनून जे आत हाय ते बाहेर टांगलं. आता घ्या म्हना शंका.’

सबाशेजारच्या फुलदाणीत लपवलेला माईक बंद करायचं मात्र ते विसरले. जन्मभर कुलूप दोनदा ओढून बघणारा माणूस त्या दिवशी विसरला. त्यामुळे टाळ्या संपल्यावर ताफ्याचे संचालकसाहेब फादरना चेहरा पाडून सांगत होते की इथल्या डाळीत मिरची फार आहे, ते अख्ख्या रस्त्याने ऐकलं. ट्रकचा ड्रायव्हर हसत हसत निघून गेला. संचालकांना झेंडूत माईक सापडला तेव्हा मला त्यांची माफी मागावी लागली. पण त्यांनी आधी सबाचं नाव विचारलं. आज ती पुण्यात गाणं शिकते आहे ती त्यांच्याच ओळखीने.

त्या संध्याकाळी खुर्च्या उचलताना मी शब्बीरभाईंना म्हटलं, ‘आता तरी सांगा, कशी गायली?’

त्यांनी बराच विचार केला. ‘वरोऱ्याले जराक कापला आवाज,’ म्हणाले. ‘बाकी नागपूरपर्यंत साफ.’

याहून मोठी दाद त्यांनी कुणाला दिल्याचं मला आठवत नाही. दुसऱ्या दिवशी सबाला सांगितलं तर ती दिवसभर हसत होती.

गेल्या वर्षी शब्बीरभाई गेले. दवाखान्यात मी भेटायला गेले, तेव्हा सलाईनच्या बाटलीकडे बघत म्हणाले, ‘येच्यात काहीतरी हाय, बाई.’ मी हसले. त्यानंतर भेट नाही झाली. गावातल्या मंडपवाल्यांनी शाळेच्या मैदानावर शोकसभा ठेवली. सबा पुण्याहून आली होती. मी जाऊन शेवटच्या खुर्चीत बसले, कारण तिथे बसणाऱ्याला ‘आलं का?’ विचारायला आज ते नव्हते. व्यासपीठावर कोणीतरी माईक तोंडाशी धरून ‘हॅलो, हॅलो’ करत होतं आणि माईक शिट्ट्या मारत होता. सबा उठली. तिने त्याच्या हातातून माईक घेतला, खाली बसून एक बटण पिळलं आणि उभी राहिली.

‘बल्लारशा,’ ती म्हणाली. ‘चंद्रपूर. भांदक. माजरी.’

वरोऱ्याला तिचा आवाज कापला. तिने श्वास घेतला, हिंगणघाट म्हटलं, सेवाग्राम म्हटलं आणि नागपूरला पोचली. मग थेट माझ्याकडे बघून विचारलं, ‘आलं का, बाई?’

मी उभी राहिले आणि सगळी स्टेशनं म्हणून दाखवली.