धवलारणीचं कुंकू

"ताई, तेवढं कुंकू पुसून घ्या ना. आता वाण द्यायचंय."

सेक्रेटरींच्या मिसेसनी ओला नॅपकिन पुढे केला. आवाज गोड. नालासोपाऱ्यातल्या एका सोसायटीचा हॉल, संक्रांतीचं हळदीकुंकू, समोर एकसष्ट बायका. मी मोजल्या होत्या. दवाखान्यात बिलांच्या खिडकीवर बसते, मोजल्याशिवाय चैन पडत नाही. पाच मिनिटांपूर्वी माझा प्रयोग संपला, तेव्हा यांतल्या चौदाजणी माझ्या पाया पडल्या. पहिल्या याच बाई.

मी एकपात्री प्रयोग करते. आमच्या खाडीकाठच्या गावात शंभरेक वर्षांपूर्वी एक धवलारीण होती. लग्नविधींची गाणी, म्हणजे धवले, गाणारी बाई. ती गायल्याशिवाय हळद लागत नसे. ही नुसती गात नव्हती, स्वतः रचायची. अक्षरओळख नाही. तिचे अकरा धवले माझ्या आईला पाठ आहेत, तेवढेच उरले. त्यांवर मी पंचेचाळीस मिनिटांचा प्रयोग बांधला. हिरवं लुगडं, हातभर बांगड्या, रुपयाएवढं कुंकू. हा तेविसावा.

माझा नवरा जाऊन सात वर्षं झाली. ते त्या बाईंना कुणीतरी सांगितलं असणार.

नॅपकिन बघून राग आला नाही. थकवा आला. कारण आधीच्या बावीस प्रयोगांत हे कुणाला सांगावंच लागलं नव्हतं. प्रयोग संपला की मीच आतल्या खोलीत जाऊन कुंकू पुसायचे आणि वाण वाटायच्या आत निघायचे. पिशवीत कापूस, खोबरेल. कुणी अपमान करायच्या आत मीच तो उरकून घ्यायचे. त्या दिवशी स्टेजवरच एक बांगडी पदरात अडकली, उशीर झाला, एवढंच.

दुसरं त्याहून वाईट. पहिल्या प्रयोगानंतर आई म्हणाली होती, "गानी बरोबर म्हनलीस. पन तिचा कपाल कोरा व्हता गो. नवरा विशीतच गेलेला तिचा."

मला ठाऊक होतं. पण तो पहिला प्रयोग ठेवणाऱ्या मंडळाच्या अध्यक्षबाई म्हणाल्या होत्या, "मंगल कार्यक्रम आहे, सुवासिनीच दाखवा." मी दाखवली. कोऱ्या कपाळाने जिने गावातली लग्नं लावली, तिला मी कुंकू लावून बायकांत बसण्यालायक केलं. मी.

माइक अजून चालू होता. मी नॅपकिन घेतला, तिथेच सगळ्यांसमोर कपाळ पुसलं.

"ही धवलारीण विधवा होती," मी म्हटलं. "मीही आहे. तुम्हाला खोटी बाई दाखवली, ती चूक माझी. आता वाण कुणाला द्यायचं ते तुम्ही ठरवा."

मागून एक आवाज आला, "सणाच्या दिवशी हे काढायची गरज होती का?"

सेक्रेटरींच्या मिसेस माझ्या कानाशी कुजबुजल्या, "आमचं काही नाही हो ताई. सासूबाई बसल्यात ना समोर."

मी स्टेजवरून खाली उतरले आणि बायकांच्या रांगेत खुर्ची घेऊन बसले. हळदीकुंकवाचं ताट माझ्या डावीकडच्या बाईपाशी आलं, मग थेट उजवीकडच्या बाईपाशी गेलं. एका तरुण सुनेने वाणाची स्टीलची वाटी माझ्याकडे आणली. कुणीतरी तिचा दंड धरला. ती परत गेली. मी उठले नाही. शेवटची वाटी वाटून होईपर्यंत बसून राहिले. मला ओलांडून जाताना त्यांना माझ्याकडे बघावं लागावं, एवढंच हवं होतं. बऱ्याचजणींनी बघितलं नाही.

पुढचे तीन प्रयोग ठरलेले होते. तिन्ही ठिकाणी मीच फोन केला. कपाळ कोरं असेल, हातात बांगड्या नसतील, वाण वाटाल तर मला ओलांडायचं नाही. दोघींनी "कळवतो" म्हटलं. कळवलं नाही. तिसऱ्या बाईंनी विचारलं, "थोडं सौम्य नाही का करता येणार? टिकली तरी?"

"नाही."

सध्या हाती एकही प्रयोग नाही. मी कुणाला फोन करत नाही, करणारही नाही. धवलारीण उभी राहील तर कोऱ्या कपाळाने. नाहीतर उभी राहणार नाही.