भुऱ्याच्या डोळ्यांसाठी सावली

दुपारचे साडेबारा. मे महिना. सालेकसा स्टेशनपासून मैलभरावरचा तेंदूपत्त्याचा डेपो.

बातमीदाराकडे दोन तऱ्हेचे कागद साठतात. एक, छापून आलेले. दुसरे, संपादकांनी "ही काय बातमी आहे?" असं लिहून परत पाठवलेले. दुसरे जास्त टिकतात, कारण राग टिकतो! या डेपोचे माझ्याकडे पाच-सहा आहेत. सगळे एका कुत्र्याचे.

देश स्वतंत्र होऊन चार-पाच वर्षं झाली होती. मी गोंदियात राहून नागपूरच्या पत्राला बातम्या पाठवत होतो. डेपो म्हणजे एक उघडं मैदान. त्यावर पानांचे पुडे वाळत घातलेले. सावली पडली की पान बुरसतं, म्हणून मैदानात एक झाड ठेवलेलं नाही. राखणदार दोन. म्हातारे फागूजी आणि त्यांचा पांढरा, गुलाबी पापण्यांचा कुत्रा भुऱ्या. सावलीची जागा एकच, डेपोचा हिशेब ठेवणाऱ्या मुंशीजींची कौलारू खोली. तिथे कुत्र्याला बंदी!

त्या दुपारी गुरांना लस टोचून परतणारे ढोरांचे डॉक्टर पाणी प्यायला थांबले होते. त्यांनी भुऱ्याची पापणी वर केली आणि पाणी राहिलं बाजूला.

"फागूजी, उजव्या डोळ्यावर निळसर पडदा येऊन राहिला. या उन्हानं आंधळा होईल हा."

"मंग मी काऊन नाई झालो जी? मी बी याच उनात हावो."

"तुम्ही पागोटं बांधता. याला कोण बांधून देतं?"

डॉक्टरांनी मलम दिलं आणि चिठ्ठी लिहिली. दहा ते चार सावलीत ठेवणे. रोज सकाळी डोळा पाहणे. लाली, पाणी, पडदा, काहीही वाढलं तर ताबडतोब कळवणे.

दुसऱ्या दिवशी भुऱ्याच्या डोक्यावर पागोटं होतं! ते घसरून नाकावर आलं आणि भुऱ्या थेट मुंशीजींच्या धोतरात शिरला.

* * *

मग फागूजींनी पळसाच्या पानांची टोपी शिवली. पुढे चांगली वीतभर झालर. डोळ्यांवर झकास सावली. मी स्वतः पाहिली, फोटोग्राफर असता तर पहिल्या पानावर दिली असती.

ती तासभर टिकली. गावातली एक बकरी आली आणि तिने टोपी भुऱ्याच्या डोक्यावरच खाल्ली. भुऱ्या निवांत बसून!

फागूजी कपाळावर हात मारून म्हणाले, "हा राखनदार व्हय! सोताची टोपी राखता येत नाई याले!"

* * *

मी म्हटलं, अर्ज करू. कुत्र्यासाठी डहाळ्यांचा छोटा मांडव हवा, मैदानाच्या कडेला, पुड्यांपासून दूर. अर्ज मी लिहिला, फागूजींनी अंगठा दिला, कागद डेपोचे मालक असलेल्या शेठजींच्या गोंदियाच्या पेढीवर गेला.

आठवड्याने पेढीवरच्या मुनीमजींचं उत्तर आलं. "कुत्ता मस्टर पर है क्या?"

मी फागूजींना वाचून दाखवलं. ते शांतपणे म्हणाले, "लिवा. मस्टरवर नाई, पन चोर धरते. मस्टरवर हायेत, ते झोपून रायतेत."

मी शब्दही न बदलता लिहिलं. पुढचं उत्तर आलंच नाही.

* * *

डोळ्याची नोंद ठेवायची, पण फागूजींना अक्षर येत नव्हतं. त्यांनी तोड काढली. रोज सकाळी मुंशीजींच्या खोलीच्या भिंतीवर कोळशाने एक गोल काढायचा. पडदा जेवढा, तेवढा गोल काळा करायचा. मलम लागलं की काळं थांबायचं, ऊन तापलं की वाढायचं. शहाण्या डॉक्टरांनाही इतकी स्वच्छ नोंद जमली नसती!

पानं तोडणाऱ्या बायकांनी ते गोल पाहिले. महिनाभर सुट्टी नव्हती, ती फक्त अमावास्येला मिळे. एके दिवशी त्यांची पुढारीण मुंशीजींकडे गेली.

"मुंशीजी, उद्या अवस हाये. आमी येत नाई."

"किसने कहा?"

"तुमच्याच भितीवर हाये ना चांद. पाहा, सरत आला."

मुंशीजी वहीतून मान वर न काढणारे गृहस्थ. भिंत पाहिली आणि सुट्टी दिली! संध्याकाळी डोंगरामागून परातीएवढा पूर्ण चंद्र वर आला.

सकाळी मुंशीजी फागूजींवर धावून गेले. "ये चाँद किसका है?"

"चांद नाई जी. भुऱ्याचा डोरा व्हय."

आम्ही सगळे हसलो. मग मी शेवटचा गोल पाहिला. अर्ध्याहून जास्त काळा होता.

* * *

शेठजी तपासणीला येणार म्हणून मैदानाच्या कडेला जांभळीच्या डहाळ्यांचा मांडव पडला. अर्ध्या दिवसात! खाली खुर्ची. शेठजी मोटारीतून उतरले, बसले आणि एकदम पाय वर घेतले. खुर्चीखाली भुऱ्या.

मुंशीजी ओरडले. भुऱ्या हलला नाही. काठी दाखवली, तरी नाही.

शेठजींनी विचारलं, "यह कुत्ता यहाँ क्यों बैठा है?"

फागूजी पुढे झाले. डॉक्टरांची चिठ्ठी उघडून समोर धरली.

"त्याले डाक्टरनं सावली लिवून देल्ली हाये, शेठजी. तुमाले कोनं देल्ली?"

पानं तोडणाऱ्या बायकांनी पदर तोंडात कोंबले. मुंशीजींचा चेहरा उतरला. शेठजी मात्र खो खो हसले. त्यांनी माझंच पेन मागून घेतलं आणि त्याच चिठ्ठीच्या पाठीवर हुकूम लिहिला, "मंडवा बारिश तक रहेगा." खाली सही. मी शेजारी उभा होतो.

चौथ्या दिवशी मी पुन्हा सालेकशाला उतरलो. मैदानाच्या कडेला मांडवाच्या मेढींचे फक्त चार खड्डे होते. भुऱ्या त्यांच्यामध्ये उन्हात बसला होता.

मांडव कुठे गेला, ते मी एकेकाला विचारलं. मुंशीजी म्हणाले, "हम तो गोंदिया गए थे." मुनीमजी म्हणाले, "हमारे पास कोई कागज नहीं आया." शेठजी म्हणाले, "हुक्म तो मैंने दिया था."

पाऊस यायच्या आत भुऱ्याचा उजवा डोळा गेला. मांडव कोणी उपटला, ते अजून कोणीही सांगितलेलं नाही.