अक्कांच्या भावाचा रंग

नरडाण्यात माझं फोटोचं दुकान आहे. वारलेल्या माणसाचा फोटो मोठा करताना चेहरा थोडा उजळायचा, ही आमच्याकडची रीत. शेजारच्या अक्का भावाचा फोटो न्यायला आल्या तेव्हा तो बघून म्हणाल्या, "हाऊ मना भाऊ नही शे." मूळ फोटोच जुना आहे, असं सांगून मी त्यांना गप्प केलं.

वर्षभराने धुळ्याहून रंग मोजायचं यंत्र आणलं. ते मॉनिटरवर टेकवलं आणि एका ओळीची कमांड टाइप केली. पडद्यावर एकेक रंग येत गेला, शेवटी आकडे आले. त्यांवरून कळलं, मॉनिटर कधीचाच मंद आणि पिवळा पडला होता. तो चेहरे काळपट दाखवायचा आणि मी शहाणा ते आणखी उजळत बसायचो.

त्या फोटोची प्रिंट पुन्हा काढली, या वेळी चेहऱ्याला हात न लावता. उन्हात रापलेला तो सावळा माणूस घेऊन अक्कांच्या घरी गेलो. त्यांनी त्याच्या गालावरून बोट फिरवलं. मग भिंतीवरच्या, हार घातलेल्या गोऱ्या माणसाकडे पाहत त्या म्हणाल्या, "मंग वरीसभर मी हार कोणले घाला?"