बॅगेतले पेढे

परवा धारवाडात सुभाष रोडवर पेढ्यांच्या दुकानातून भाजक्या खव्याचा वास आला आणि मला माझी परदेशाची बॅग आठवली. तेव्हा बायकांच्या संघटनेतल्या आम्ही काही जणी निघालो होतो, लढाईत मुलं गमावलेल्या दूरदेशच्या आयांना भेटायला, तुम्ही एकट्या नाही एवढंच सांगायला. धाकट्या जावेनं पेढ्यांचा डबा आणून बॅगेत कोंबला. "धारवाडची बाई पेढ्यांवाचून जाते होय, अक्का?" मी म्हटलं, "अगं, मुलं गेलेल्या घरी पेढे न्यायचे?" तर म्हणते, "मग काय रिकाम्या हातानं जाणार?" तेही खरंच की! मी डबा काढला, पुन्हा ठेवला, पुन्हा काढला. आमचे हे पेपरातून डोकं वर काढून म्हणाले, "आधी ठरव बाई, बारशाला निघालीस का मयताला?" तेच तर ठरत नव्हतं! शेवटी वाटलं, सुतकाच्या घरी चूल पेटत नाही, शेजारीण भाकरी नेते, तसं जावं. मग ज्वारीच्या कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधली, पेढे फळीवर ठेवले. तिथं पोचलो, तर त्या आयांनी दारातच आमच्या हातावर गोड ठेवलं. पाहुणीचं तोंड आधी गोड करायचं, म्हणे. माझी भाकरी त्यांनी मोडून वाटून खाल्ली, आणि मी तो गोड घास गिळू की नको अशी उभी. परवा त्या दुकानातून मी पावशेर पेढे घेतले. कुणासाठी, ते मला अजून कळलेलं नाही.